रिकाम्या गाडीतलं वजन

"व्यंकट गेला" असा इरफानचा मेसेज आला, तेव्हा मी नांदेडला घरी हेडफोन लावून स्टिअरिंगसमोर बसले होते. मी उलट विचारलं, "लाईट का नेट?" आमच्या तिघांच्या ग्रुपवर 'गेला' या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. रविवारी दुपारची जेवणं उरकली की मी नांदेडहून, माझा मावसभाऊ व्यंकट लातूरहून आणि त्याचा कॉलेजातला मित्र इरफान धर्माबादहून, असे आम्ही कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती लावायचो. मध्येच कुणाची लाईट जायची, कुणाचं नेट जायचं आणि बाकीचे लिहायचे, अमका गेला. व्यंकट तर हरायला लागला की हमखास जायचा. म्हणून त्या दिवशी मला आधी संशयच आला... अजून शर्यत सुरूही झाली नाही आणि हा आत्ताच पळाला? मग इरफानचा फोन आला. "अक्का, तसा न्हाई गेला... खरंच गेला." सकाळी आपल्या वजनकाट्यावर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि धंदाही. माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. रिपोर्ट वाईट आला तर माणसं घाबरतात. मी फार चांगला आला तर घाबरते आणि नमुना पुन्हा तपासायला घेते. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली तर मी जुडी उलटीपालटी करून बघते. व्यंकट याच्या अगदी उलट. मोठ्या आवाजाचा, सतत कुणाची तरी फिरकी घेणारा. मूळचा कर्नाटकाच्या सीमेकडच्या निलंग्याचा, त्यामुळं मी त्याची ताई नव्हे तर अक्का. लातूरला मार्केटच्या रस्त्यावर त्याचा वजनकाटा होता. सोयाबीनचे, तुरीचे ट्रक तिथं आधी भरलेले तोलायचे, मग रिकामे. दोन्ही वजनांतला फरक तो माल. काटेवाल्यावर दोन्हीकडून संशय. विकणाऱ्याला वाटतं यानं कमी दाखवलं, घेणाऱ्याला वाटतं जास्त. व्यंकट ते सगळं हसून घ्यायचा. "अक्का, तू काटा टाकला असतास तर सोताच्याच पावतीवर सही केली नसतीस," म्हणायचा.

मी या खेळात आले ती एका अपघातामुळं. नायगावहून परत येताना माझ्या हातून गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. खांदा मोडला. तो जुळला, पण आखडून बसला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला गाडीची भीती बसली. दुसरा कुणी चालवत असला तरी मी पुढच्या सीटवर बसत नसे. लॅबला रिक्षानं जायचं, घरी रिक्षानं यायचं. जी बाई एकटी हैदराबादपर्यंत गाडी घेऊन जायची ती मीच, यावर माझाच विश्वास बसेना. तेव्हा व्यंकट एक दिवस एसटीनं, मांडीवर खोकं घेऊन आला. खोक्यात खेळायचं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल होते. डॉक्टरांनी हात गोल फिरवायला सांगितलाय ना, मग हाच व्यायाम समज, म्हणाला. टेबलाला ते आवळून बसवताना मी विचारलं, "यात तुझा काय फायदा?" तो म्हणाला, "मला हरवायला माणूस पायजे."

आणि त्यानं हरवलं, खूप हरवलं. आमच्या तिघांच्या गाड्या वेगवेगळ्या. त्या बरोबरीनं पळाव्यात म्हणून वेगवान गाडीवर खेळातच जास्तीचं वजन टाकता येतं. आम्ही त्याला पोतं म्हणायचो. पोतं पडलं की गाडी जड होते, वळणावर लवकर थांबत नाही. कुणाला किती पोती, हे अर्थातच काटेवाला ठरवायचा आणि आम्हाला दाखवायचा नाही. दाखवलं की भांडणं होतात, असं त्याचं म्हणणं. मला वाटायचं, हा स्वतःची गाडी हलकी ठेवतो. तसं मी तोंडावर म्हणायचेही. इरफान बिचारा धर्माबादहून नुसता हसायचा. ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा तो माणूस, शर्यतीत कायम मागं आणि कायम खुशीत.

मग एका रविवारी मी जिंकले. पुढच्या रविवारी पुन्हा. अपघातानंतर एवढा आनंद मला कशाचाच झाला नव्हता. त्या जिंकण्याच्या जोरावर मी खरी गाडी बाहेर काढली. आधी गल्लीत, मग लॅबपर्यंत. पण आनंद फार झाला की माझं डोकं चालायला लागतं. आखडलेल्या खांद्याची बाई एकदम कशी जिंकते? रिपोर्ट जरा जास्तच चांगला होता. यानं दया येऊन माझी पोती काढली असणार... मी इरफानला खेळातली माझी गाडी चालवायला लावली, मी त्याची चालवली, वेळा ताडून पाहिल्या. काही सापडेना. शेवटी व्यंकटला फोनवर फैलावर घेतलं. "मला भीक नकोय. तू माझ्या गाडीत काही केलंयस का?"

"लेकराची शपथ, अक्का. तुझ्या गाडीला हात लावला असंल तर हात झडंल माझा. लई शंका घेतीस बघ."

मी विश्वास ठेवला. म्हणजे माझ्या मानानं ठेवला. काही महिन्यांनी स्वतः गाडी चालवत लातूरला गेले, थेट त्याच्या काट्यावर. मला उतरताना बघून तो केबिनबाहेर धावत आला आणि गाडी विकत घ्यायला आल्यासारखा तिच्याभोवती फिरून टायर बघत राहिला. डोळे पुसत होता. चहा पिताना एक रिकामा टेम्पो काट्यावर लागला. व्यंकट उठून सरळ ड्रायव्हरच्या सीटमागं गेला आणि तिथून धोंडे खाली काढायला लावले; रिकामी गाडी जड भरली की माल तेवढा कमी दिसतो. परत येऊन म्हणाला, "भरल्या गाडीत समदेच बघतेत, अक्का. चोरी रिकाम्या गाडीत असती." मला ते धंद्यातलं बोलणं वाटलं.

तेराव्याला मी काट्यावर गेले. त्याची बायको रेखा केबिनचं कुलूप काढून म्हणाली, "अक्का, त्यांचं हे यंत्र तुमीच घेऊन जा. मला काय कळतंय त्यातलं." पावत्या फाडायच्या टेबलालाच त्याचं स्टिअरिंग आवळलेलं होतं. नेण्याआधी चालू आहे का बघावं म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसले आणि त्याची गाडी सुरू केली. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी थांबेचना, सरळ कठड्यात गेली. पुन्हा सुरू केली, आधीपासून ब्रेक दाबला, पुन्हा कठड्यात. गाडी जड होती. किती जड, ते हातांना कळत होतं. सगळी पोती तिच्यात होती. मी माझी गाडी तपासली, इरफानची तपासली. याची कधी तपासलीच नाही.

तिथूनच इरफानला फोन लावला. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "त्यानं शपथ घातली होती, अक्का. तुमच्या गाडीला हात न्हाई लावला त्यानं. खोटं न्हाई बोलला."

"आणि तुझ्या गाडीत काय टाकलं होतं?"

"माझ्या? माझी तशीबी मागंच राहती की."

मला भयंकर राग आला. मग त्याच खुर्चीत मी हमसून रडले. माझ्या एकाही जिंकण्यावर आता माझा भरवसा नाही. व्यंकट समोर असता तर त्याला सोडलं नसतं. पण काट्याबाहेर माझी गाडी उभी होती आणि नांदेडहून ती मीच चालवत आणली होती, त्यात शंका घ्यायला मला जागा सापडली नाही.

स्टिअरिंग मी नेलं नाही. रेखाला म्हटलं, राहू दे, मी येत जाईन. आता रविवारी मी लातूरला जाते आणि त्याच्या खुर्चीत बसून त्याचीच गाडी चालवते. पोती कशी काढायची ते इरफाननं सांगितलंय; मी काढलेली नाहीत. पहिल्या वळणावर अजूनही कठड्यात जाते. पडदा थरथरतो, गाडीचा आवाज बंद होतो आणि हेडफोनमध्ये इरफान घाबरून विचारतो, "अक्का? गेलात का?"

"हाय रे बाबा, हाय," मी म्हणते. "गाडी जड हाय."