बाहेरची रेघ

भंडाऱ्याच्या सभागृहात माझा सत्कार झाला, त्या दिवशी जगाच्या यादीत माझं नाव नव्हतं. महिनाभरापूर्वीच ते निघालं होतं. बाहेर लावलेल्या फ्लेक्सवर मात्र माझा फोटो होता, त्याखाली माझा क्रमांक होता आणि फोटो उलटा छापल्यामुळे मी डावखुरी झाले होते.

यात आयोजकांचा काही दोष नव्हता. सत्कार ठरला तेव्हा क्रमांक खरा होता. आधी निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग धानाची कापणी आली, त्या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाच्या सत्काराला जात नाही. त्यानंतर प्रमुख पाहुण्यांना वेळ मिळेना. असं करत करत जवळपास वर्ष गेलं. टेनिसमध्ये वर्ष फार मोठं असतं. जिंकलेला गुण बावन्न आठवडे टिकतो, मग आपोआप पुसला जातो. बायकांच्या यादीत नाव यायला निदान तीन स्पर्धांतले गुण लागतात. माझ्याजवळ बरोबर तीन होते, तीन स्पर्धांतला एकेक. पहिल्याचं वर्ष भरायच्या आत नवा मिळवायचा, नाही तर घरी जायचं, एवढा साधा हिशेब होता. क्रमांक बाराशेच्या पलीकडचा होता, पण गावाला तेवढ्याचंही अप्रूप होतं. गावात अनेकांना वाटायचं की क्रमांक म्हणजे नोकरी, एकदा लागली की लागली. मी कोणाला समजावत बसले नाही.

अड्याळजवळ आमची राईस मिल आहे. मिलच्या मागे धान वाळवायला सिमेंटचं मोठं अंगण आहे. बाबांनी आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पण मी सहा वर्षांची असताना ते काही कामानं भंडाऱ्याला गेले आणि तिथल्या साहेबलोकांच्या क्लबात त्यांनी टेनिसचं कोर्ट पाहिलं. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आपलं अंगण तेवढंच हाये. आपल्या पोरीनं कायले नाई खेळावं?" आई म्हणाली, धान कुठे टाकाल? बाबा म्हणाले, अर्ध्यात. बाबांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की त्यांना कोणी अडवत नाही. तो स्वभाव माझ्यातही उतरला आहे आणि त्याचा मला फार अभिमान वगैरे नाही.

ते परत क्लबात गेले आणि कुंपणाबाहेरून पावलांनी कोर्ट मोजून आले. चुन्याच्या रेघा धानात मिसळतील म्हणून गवंड्याकडून सिमेंटमध्येच रेघा कोरून घेतल्या. इथे त्यांनी एक चूक केली. टेनिसच्या कोर्टाला दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा असतात. आतली एकट्यानं खेळायची आणि बाहेरची जोडीनं खेळायची. बाबांनी स्वतःच्या अकलेनं ठरवलं की आतली रेघ शिकाऊ पोरांसाठी असणार आणि बाहेरची खऱ्या खेळाडूंसाठी. माझी मुलगी कायले शिकाऊ राहील, म्हणून आतली रेघ त्यांनी कोरलीच नाही.

पाच वर्षं मी त्या अंगणात एकटीनं जोडीचं कोर्ट सांभाळलं. बाबा पलीकडून हातानं चेंडू फेकत आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असे. जमिनीवर कुठे ना कुठे धानाचे दाणे असायचेच. त्यावर टप्पा पडला की चेंडू कुठल्या कुठे जायचा. म्हणून टप्पा पडायच्या आधीच, हवेतच तो गाठायची सवय लागली. उरलेल्या अर्ध्यात बाया पायांनी धान फिरवत आणि ओरडत, "ओ बाई, आमच्या धानात नोको पडू वं!" मी पडायचे, मग बाबांची आणि माझी दोघांचीही खरडपट्टी निघायची. ते दिवस चांगले होते. आज आठवले तरी आत काही हलत नाही, पण चांगले होते हे मला माहीत आहे.

अकराव्या वर्षी नागपूरला पहिली स्पर्धा खेळले. समोरच्या मुलीचा चेंडू आतल्या रेघेच्या बाहेर जात होता आणि मी जीव तोडून धावत तो परत मारत होते. एकदा नाही, सगळा सामनाभर. शेवटी तिची आईच कळवळून म्हणाली, "अगं बाळा, तो बाहेर जातोय, सोड ना." मी बाबांकडे पाहिलं. ते कुंपणाला धरून उभे होते. शेजारच्या माणसानं त्यांना सगळं समजावून सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि आतल्या रेघा कोरल्या गेल्या. बाहेरच्या बुजवता येत नव्हत्या, त्या राहिल्या. बाबा वरवर हसत म्हणायचे, "जास्त धावली तं काय बिघडलं? पाय मजबूत झाले." पुढे कोणी मला विचारलं, कुठे शिकलीस, की ते विषय बदलत.

पुण्याच्या प्रशिक्षकांनी ती सवय मोडायला चार वर्षं घालवली. चेंडू सोडायला शिकवणं हा माझ्या प्रशिक्षणाचा वेगळा तास होता. मी उभी राहायची, ते बाहेर मारायचे आणि मी हात न हलवता पाहत राहायची. बाकीच्या मुली हसायच्या. बऱ्यापैकी मोडलीही सवय. मग सात वर्षं मी धंदेवाईक खेळाडू होते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ते असं होतं: विमानतळ, हॉटेल, पहिल्या फेरीत हार, सॉक्स बेसिनमध्ये धुणं, आईला फोनवर "जेवले" म्हणणं, पुढचा विमानतळ. जिंकायचे तेव्हा आनंद व्हायचा, पण दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत तो टिकत नसे. शेवटच्या दोन वर्षांत तर हरल्याचं वाईट वाटणंही बंद झालं. मला ते प्रौढपण वाटलं. आता वाटतं, मी आतून केव्हाच घरी निघाले होते, पायच तेवढे मागे राहिले होते.

शेवटचा सामना ट्युनिशियात झाला, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या मागे. जिंकले असते तर नवा गुण मिळून नाव यादीत राहिलं असतं. पाहायला कोणी नव्हतं. एक माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. सामना तिसऱ्या सेटपर्यंत गेला आणि समोरचीला मॅच पॉइंट मिळाला. मी नेटजवळ होते. तिनं माझ्या उजवीकडून चेंडू काढला आणि तो रॅकेटवरून सुटताच मला दिसलं की तो आतल्या रेघेच्या बाहेर चालला आहे. चांगला चार बोटं बाहेर. हे डोळ्यांना कळलं, डोक्याला कळलं. पाय मात्र गेले, हात गेला, मी हवेतच तो चेंडू गाठला आणि नेटमध्ये घातला. सामना संपला. सोडला असता तर मी जिंकलेच असते असं नाही, पण सामना चालू राहिला असता. मी तिच्याशी हात मिळवला, खोलीवर गेले आणि आंघोळ करून पोटभर जेवले. रडू आलं नाही. आपल्याला काही झालं आहे का, म्हणून मी आरशातही पाहिलं. नेहमीचाच चेहरा होता.

खेळ सोडायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. त्याबरोबर आणखी एक ठरवलं, की हा चेंडू बाबांना कधीही सांगायचा नाही. हरले म्हणायचं, थकले म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण मी बाहेरच्या चेंडूमागे धावले हे त्यांना कळलं, तर ते मनानं सरळ त्या अंगणातल्या रेघांपाशी जाऊन पोहोचतील. इतकी वर्षं या माणसानं दुसरं काही मागितलं नव्हतं. मला स्वतःबद्दल काही वाटत नव्हतं, म्हणूनही असेल, पण एवढी एक गोष्ट जपायची असं मी पक्कं केलं.

घरी आल्यावर महिना गेला. बाबांनी पुढच्या स्पर्धेचं विचारलं नाही. मला ते बरंच वाटलं. ते जेवणात कमी बोलत होते. मी म्हटलं, मिलचा हंगाम आहे, थकत असतील.

मग सत्कार आला. माझ्याबरोबर मंचावर यंदा दहावीत पहिला आलेला मुलगा होता, निवृत्त झालेले तलाठी होते आणि एक प्रगतिशील शेतकरी होते. सगळ्यांना एकाच रंगाच्या शाली होत्या. निवेदक म्हणाले, "धानाच्या मातीत जन्मलेली आपली लेक आज जगाच्या यादीत झळकते आहे." टाळ्या झाल्या. मला ते सहन होईना. मुळात मला खोटा क्रमांक अंगावर घेऊन मिरवायचा कंटाळा आला होता. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी माईकवर म्हणाले, "आता माझं नाव त्या यादीत नाही. महिन्यापूर्वी निघालं. आणि मी खेळणं थांबवलं आहे."

 मग निवेदकांनी माईक जवळ ओढला. "पाहा मित्रहो, एवढ्या उंचीवर जाऊनही किती ही नम्रता!" सभागृहात पुन्हा टाळ्या वाजल्या, आधीपेक्षा जोरात. तलाठी काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला हसू आलं आणि तेही ओठांपर्यंत पोहोचलं नाही. आई शेजारणीशी बोलत होती, तिनं अर्धंच ऐकलं असावं. बाबा तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. हात मांडीवर ठेवून ते माझ्याकडे पाहत होते.

आई मावशीच्या गाडीतून पुढे गेली. मी बाबांबरोबर निघाले. चार वाजले असतील, ऊन अजून कडक होतं. कारध्याचा पूल ओलांडून आम्ही पवनीच्या रस्त्याला लागलो.

"सोडलं म्हणतेस," बाबा म्हणाले.

"हो."

"कुठं दुखून राहिलं का?"

"नाही. थकले, बाबा."

त्यांनी मान हलवली. समोर ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे गाडी हळू केली आणि रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तो शेवटचा बॉल बाहेर चालला होता नं?"

 हल्ली असल्या लहान स्पर्धांचे सामनेही मोबाईलवर दिसतात. कोर्टामागे एक कॅमेरा लावलेला असतो, त्यातून मुंगीएवढे खेळाडू दिसतात. बाबांना ते लावता येत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. ते मिलच्या ऑफिसात बसून माझे सगळे सामने पाहत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"कोणता?" मी म्हणाले.

"नेटपाशी. उजव्या हाताले. तू पळाली नं त्याच्या मागं. मी तीन-चारदा पाह्यला तो."

"तो लाईनवर होता."

"मले तं बाहेर दिसला."

"कॅमेरा तिरपा असतो, बाबा. मी तिथे उभी होते. तो लाईनवरच पडला असता."

"पडलाच नाई नं पण."

"नाही पडला. पण पडला असता तर लाईनवरच. मारावाच लागला असता. कोणीही मारला असता."

ट्रॅक्टर वळून शेताकडे गेला. रस्ता मोकळा झाला तरी बाबांनी गाडीचा वेग वाढवला नाही. थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"तुले पक्कं माहीत हाये?"

"पक्कं."

"माह्या गळ्याची शपथ?"

मी त्यांच्या गळ्याला हात लावला. घामानं ओला होता. "शपथ," मी म्हणाले.

बाबांनी मोठा श्वास सोडला, मग आणखी एक. त्यांचे खांदे खाली आले. "महिना झाला, झोप नाई लागून राहिली वं माय," ते म्हणाले. "मले वाटे, त्या रेघा मीच कोरल्या. पोरीचं मीच वाटोळं केलं."

"कायले असं म्हणता, बाबा," मी म्हणाले. "लाईनवरच होता तो." एवढं बोलून मी खिडकीकडे वळले, कारण मला रडू आलं होतं आणि ते थांबत नव्हतं.