दोन मंगलाबाई आणि रफिकभाई

चूक माझी होती. नोकरी रफिकभाईंची गेली.

आज सकाळी धुळ्यात रफिकभाई वारले. हार्ट अटॅक. बावन्न वर्षांचे होते.

जुन्या लॅबच्या ग्रुपवर तासाभरात फुलं आणि जोडलेले हात सुरू झाले. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, "अत्यंत प्रामाणिक सहकारी."
दहा मिनिटांत ज्याला घरी पाठवलं, तो आज प्रामाणिक. वा!

पण डॉक्टरांना नावं ठेवायला मी तरी कुठली शहाणी.

नऊ वर्षांपूर्वी जळगावच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नवीन लागले. कॉम्प्युटर इंजिनिअर, डोक्यात हवा.
रफिकभाई बीकॉम. स्वतःच पुस्तकं वाचून पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेले.

एक फाइल रिसेप्शनची, पेशंटच्या नाव-गावाची; एक मशीनची, तपासणीच्या आकड्यांची. भाईंची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, दोन्ही ओळीनं वाचायची आणि डब्यात डबा ठेवावा तशी माहिती रचायची. तालुका, त्यात गाव, त्यात नाव, त्यात तारीख, आणि सगळ्यात आत रिपोर्ट.

मी हसले होते. "भाई, एका रिपोर्टसाठी इतके डबे? सरळ नावाखाली ठेवा ना."

"ताई, आपला खान्देशमा एक नावना धा जण भेटतस. गाव काढू नको."

भाई दोन दिवस सुट्टीवर गेले आणि मी गाव काढलं. तालुकाही काढला. स्क्रिप्ट निम्मी झाली म्हणून स्वतःवरच खूश झाले. कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात एकाच दिवशी दोन मंगला पाटील यांचं रक्त तपासायला आलं. एक पाचोऱ्याच्या, एक दोंडाईच्याच्या.
आधी पाचोऱ्याच्या बाईंचा रिपोर्ट त्या नावाखाली बसला. मग दोंडाईच्याचा आला आणि पहिला पुसला गेला. कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.
दोघींना एकच रिपोर्ट गेला. शुगर नॉर्मल.

पाचोऱ्याच्या बाईंची शुगर मशीनमध्ये चारशेच्या वर होती. चौथ्या दिवशी त्यांना बेशुद्धावस्थेत आयसीयूत नेलं.
वाचल्या. नशीब त्यांचं, आणि माझंही.

डॉक्टरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "हा प्रोग्राम कोणाचा?"

भाईंनी आदल्या संध्याकाळीच स्क्रिप्ट उघडून पाहिली होती. कोणी हात लावला, त्यांना कळलं होतं.
त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

"माझा, सर," भाई म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये मी रडत म्हटलं, "भाई, मी वर जाऊन सांगते."
"ऱ्हाऊ दे. तुनी पहिलीच नोकरी शे. मन्हं भागी जाई."

मी वर गेले नाही. खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं.

भाईंचं काही भागलं नाही. जळगावातल्या कुठल्याच लॅबनं त्यांना उभं केलं नाही. धुळ्याला परत गेले आणि शेवटपर्यंत एका सायबर कॅफेत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत राहिले.
मी गाव आणि तालुका गुपचूप परत घातले. वर्षभरात त्यांची खुर्चीही मला मिळाली.

आज दुपारी धुळ्याला गेले. दफन झालं होतं. भाभींनी मला ओळखलं, जवळ बसवलं.
म्हणाल्या, "इनकी गलती से वो पाचोरे की औरत मरते मरते बची ना. मैं आज भी हर नमाज में इनके लिए माफी मांगती हूं."

म्हणजे भाईंनी घरीही सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं. त्यांच्या मुलीसमोर.

भाभी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,
"वो थे तब क्यूं नहीं बोली, बेटी?"

तिथून निघाले आणि हे लिहायला बसले.

ग्रुपवरच्या सगळ्यांनी हे वाचावं. डॉक्टरसाहेब, तुम्हीसुद्धा.
रफिकभाईंची चूक नव्हती.

भाई, श्रद्धांजली लिहायचा मला हक्क नाही. अल्ला तुम्हाला जन्नत देवो.