घमेल्यातल्या काड्या

"मंग निघत काऊन नाई?" फोनवरून अन्नपूर्णानं विचारलं.

"मले का माहीत."

"काडी गरम करून फिरवली तं पटकन सुटते. तुमी ओढून तं नाई राह्यले?"

"एक ओढली."

"मंग?"

"बाबासाहेब हातात आले. बूट काडीलेच राह्यले."

तिकडे पुण्यात कुकरची शिटी झाली, नात रडली, गप्प झाली. मग अन्नपूर्णा म्हणाली, "तुमी मेण नाई लावलं. का लावलं ते सांगा."

इकडे देवळीत, आपल्या पत्र्याच्या ओसरीत, प्रेमदास रेतीनं भरलेल्या घमेल्यासमोर उकिडवा बसला होता. घमेल्यात काड्या खोचलेल्या, एकेका काडीवर करंगळीएवढे प्लास्टरचे बाबासाहेब. कोट निळे झालेले, चेहरे अजून कोरे.

"गोंद लावला," तो म्हणाला. "बसस्टँडवरच्या दुकानातला. एक थेंब टाकला का बैलानं ओढलं तरी सुटत नाई, म्हणे दुकानवाला."

"आन् तुमाले खुशी झाली."

प्रेमदासला झाली होती खुशी, खोटं कशाला बोला.

प्रेमदास मूळचा पाट्या रंगवणारा. देवळीपासून पुलगावपर्यंतची दुकानं, शाळांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी त्याच्या हातच्या. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळून खराटा झाले. घरी बसलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते अन्नपूर्णानं एक उन्हाळा पाहिलं, आणि नागपूरला जाऊन रबराचा साचा घेऊन आली. वर्षभर मूर्ती करायच्या आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर दुकान मांडायचं. साच्यातून मूर्ती काढणं सोपं, रंगवण्यात पंचाईत. हातात धरावी तर ओल्या कोटावर बोटांचे ठसे, पाटावर ठेवावी तर बूट पाटाला चिकटतात. अन्नपूर्णानं चुलीपाशी जाळायला टाकलेली कपाशीची वाळकी पऱ्हाटी उचलली, वीतवीतभर तोडली. काडीच्या टोकावर मेणाचा गोळा, गोळ्यावर अंगठ्याचा दाब, त्या खळग्यात मूर्ती. काडीचं दुसरं टोक रेतीत. घमेलंभर बाबासाहेब वावरातल्या पिकासारखे उभे. मग एकेक काडी उचलायची, फिरवायची, रंग द्यायचा. आधी सगळ्यांचे कोट, मग सदरे, मग टाय. चष्मा सगळ्यात शेवटी. "चष्मा काढला का थे पाहाले लागते आपल्याकडं," ती म्हणायची. "मंग चुकाची सोय नाई राह्यत."

चिकटलं पाहिजे, पण कामापुरतं, हे तिचं गणित. मेणात राळ किती, ते तिच्या हाताला ठाऊक. प्रेमदासनं कधी विचारलं नाही. विचारायची वेळच कुठं आली होती.

बुद्धपौर्णिमेनंतर ती लेकीच्या, जागृतीच्या बाळंतपणाला गेली. सव्वा महिन्यासाठी गेलती. मग जागृतीची रजा सरली. मग पोरीला सांभाळणारी बाई मिळेना. मग आश्विन लागला. रोज सकाळी प्रेमदास फोन करायचा. जय भीम घालायचा आणि विचारायचा, की तिखटाचा डबा कुठं आहे, पाण्याच्या नळाला कोणत्या दुकानातला वायसर बसवलेला. तू कधी येतेस, हे काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. लेकीच्या हातचा आधार काढून घ्यायचा कसा?

यंदा त्यानं आधी मेणच लावलं होतं, राळेवाचून. दुपारी पत्रा तापला आणि काड्यांवरचं मेण पाघळलं. दोनतीन मूर्ती रेतीत तोंडावर पडल्या. त्यानं बाबासाहेबांना उचललं, तोंडाची रेती पुसली. दुसरी कोणती मूर्ती असती तर हसला असता. तसाच चप्पल घालून बसस्टँडवर गेला आणि सगळ्यात पक्का गोंद मागितला.

"मागच्या वर्षीच्या काड्या पत्र्याखाली खोचल्या हायेत," फोनवर अन्नपूर्णा सांगत होती. "त्याईचे गोळे खरवडून वितळवले असते तं झालं असतं. राळ हाये त्यात. पाह्यल्या नाई का?"

"पाह्यल्या."

"मंग?"

"ठेवून देल्या."

काऊन, हे तिनं विचारलं नाही. प्रेमदासनंही सांगितलं नाही. त्या गोळ्यांवर तिच्या अंगठ्याचे खळगे होते. एक काडी त्यानं गॅसजवळ नेली होती आणि परत जुडीत खोचली होती.

"तुमी बी," ती म्हणाली. "चिटकल्या त्याईले हात नोका लावू. तुमी समदे लंगडे करान. माह्यापाशी युगत हाये. मी येऊन काढतो."

प्रेमदासनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "दसरा जवळ आला," तो म्हणाला.

"मले माहीत हाये दसरा कवा हाये तं."

मागून जागृतीचा आवाज आला, "आई, कुठी चालली तू?"

"घरी," अन्नपूर्णा तोंड तिकडं करून म्हणाली. मग फोनमध्ये, "ठेवा आता. दूध उतू जाते."

फोन ठेवतो न ठेवतो तर शेजारची रुख्माबाई कुंपणापाशी उभी. तिनं सगळं ऐकलंच होतं, देवळीत फोन एकट्यानं बोलता येत नाही.

"घ्या भाऊ," तिनं एक बाटली पुढं केली. "आमच्या सुनेचं नखाचा रंग पुसाचं पाणी. एकडाव तिचं बोट चिटकलतं तुमच्या त्या गोंदानं, तवा यानंच सुटलं."

प्रेमदासनं कापसाचा बोळा ओला केला, एका मूर्तीच्या बुटाशी धरला. जरा वेळानं काडी फिरवली. बाबासाहेब अलगद हातात आले, दोन्ही बूट शाबूत.

त्यानं मूर्ती रुख्माबाईकडं पाठ करून पाटामागं ठेवली. बाटलीचं झाकण लावलं.

"निघाली का?"

"नाई व वहिनी. लय पक्कं हाये."

"मंग आता?"

"थे येऊन राह्यली ना. थेच काढन."

रुख्माबाईनं घमेल्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. "येऊन राह्यली? मंग आधी ओसरी झाडा. हे पाह्यलं तं उलट्या पावलानं जाईन पुण्याले." बाटली घेऊन ती गेली.

प्रेमदासनं ते घमेलं उचलून भिंतीशी, सावलीत ठेवलं. मग पत्र्याखालची जुडी काढली. एका गोळ्यावरच्या खळग्यात आपला अंगठा टेकवून पाहिला, मावला नाही. त्यानं गोळे चाकूनं खरवडून कढल्यात टाकले आणि कढलं गॅसवर ठेवलं. खळगे आधी गेले, मग सगळं एक झालं, राळेचा वास सुटला.

दुसऱ्या घमेल्यात रेती भरून तयार होती. त्यानं काडीवर नवा गोळा दाबून पहिली कोरी मूर्ती उभी केली, काडी रेतीत खोचली, फुंकर घातली. हलवून पाहिली. धरलं होतं. निळ्या रंगाचा डबा ढवळून तो कोटांना लागला.