दोऱ्याने मोजलेलं इंजिन

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्यानंतर काही वर्षांनी पवनीतल्या आमच्या शेडचेही झाले. गोंदिया वेगळा होताना भाषणं झाली असतील, आमच्याकडे एकही झालं नाही. बाबांनी शेडच्या मधोमध आईचं जुनं लुगडं टांगलं आणि म्हणाले, "इकडे मी, तिकडे तू. तुयं तेल इकडे आलं त पाहून घेईन." इकडे त्यांचा हातमाग, तिकडे माझं गॅरेज. नागपुरात एका उस्तादाच्या शिव्या खाऊन मी काम शिकून आलो होतो. घराण्यात माग सोडलेला मी पहिलाच.

पहिलं अख्खं इंजिन मिळालं ते आसगावच्या एका धानवाल्या काकांच्या जुन्या गाडीचं. गाडी वेशीवर आली की त्यांची बायको चहा टाकायची, इतकं ते आतून ठकठक ठोकायचं. इंजिन उतरवलं त्या दिवशी बाबा लुगडं बाजूला सारून म्हणाले, "हे पुन्हा ठोकलं त मुकाट्यानं मागावर बसायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. तोंडानं मी नेहमीच शूर होतो. मागावर मात्र नव्हतो. लहानपणी मी विणलेल्या कापडाची किनार वैनगंगेच्या काठासारखी वळत जायची, आणि बाबा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा जाड वाकडातिकडा दांडा फिरतो. तो ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्यांच्यात आणि त्याच्यात केसाएवढी फट लागते, तेलाला शिरायला. फट जास्त झाली की इंजिन ठोकतं, कमी झाली की क्रँक जाम होते. ही फट मोजायला मेणासारखा मऊ, हिरवा प्लास्टिकचा दोरा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, वर बेअरिंगची कॅप लावून बोल्ट नेमके कसायचे आणि पुन्हा खोलायचं. दोरा चपटा होतो. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी त्याची रुंदी ताडून पाहायची. जितका पसरला तितकी फट कमी. एकच अट, मध्ये क्रँक फिरवायची नाही.

पहिलाच दोरा ठेवून मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात आसगावचे काका आले. परत येतो तो क्रँकवर त्यांचा हात.

"काका, फिरवली काय?"

"कुठं फिरवली बाप्पा! एवढीशीच त फिरवली."

दोऱ्याचा चिखल झाला होता. मी तो नखाने खरवडला, काकांना चहा पाजून वाटेला लावलं आणि नवा दोरा घेतला. एवढ्यात लुगड्याआडून बाबांचं डोकं बाहेर आलं. तेलाला नाक मुरडणारा माणूस, पण सूत दिसल्यावर राहवलं नाही.

"कोणत्या नंबरचं सूत हाय हे?"

"सूत नाही बाबा, प्लास्टिक आहे."

"विणता येत नाही?"

"नाही."

"मंग काय कामाचं," म्हणाले, पण गेले नाहीत. स्टूल ओढून बसले.

पहिली कॅप बरोबर निघाली, दुसरीही. तिसरी खोलली आणि मी थोडा थबकलो. दोरा एका टोकाला जरा रुंद वाटत होता. मी मधली रुंदी मोजली. मापात बसते की! नागपुरात उस्ताद नसताना आम्ही सगळे मधलीच मोजायचो. मी कॅप पुसायला घेतली.

"थांब बे," बाबा म्हणाले. खिशातून त्यांनी सुतं मोजायचं भिंग काढलं आणि क्रँकवर ओणवे झाले. पांढऱ्या सदऱ्याला तेल लागलं तरी त्यांना कळलं नाही. "हे एका किनारीले रुंद, एका किनारीले अरुंद. असं कापड मी गिऱ्हाइकाले देत नाही. तू इंजिन देऊन राहिला?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. चिडून कॅपमधली बेअरिंगची अर्धगोल पाती काढली, तर तिच्या पाठीला कोशाच्या रेशमी सुताचा एक तुकडा चिकटलेला, मधोमध गाठ मारलेला. पाती तेवढीच एका अंगाला उचलली गेली होती.

"हे कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"तुमचंच."

"माया मागाचं सूत तिकडे कसं गेलं?"

मी त्यांच्या बाजूचा सुताचा कचरा उचलून त्याने बेअरिंग पुसत होतो, हे आता कबूल करावंच लागलं. मग तासभर माझी खरडपट्टी झाली. चोरीबद्दल थोडी आणि तंतू सुटणाऱ्या सुताने यंत्र पुसण्याबद्दल पुष्कळ. ते बोलत होते तोवर मी सगळ्या पात्या पेट्रोलने धुतल्या, स्वच्छ मलमलीने पुसल्या आणि सगळ्या कॅप नव्याने मोजल्या. या वेळी तिसरा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पसरला. बाबांनी भिंगातून पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाले.

उतरवल्यापासून तीन आठवड्यांनी इंजिन चालू झालं तेव्हा काका कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बंद पडलं काय?" चालूच होतं. गाडी आसगावच्या रस्त्याला लागली तरी ठोका येतो का ते मी ऐकत होतो.

मग मला एक शंका आली. "बाबा, तुम्ही गप राहिले असते तर इंजिन पंधरा दिवसांत ठोकलं असतं. मी मागावर असतो. बोलले काहून?"

बाबा भिंग सदऱ्याला पुसत होते. "कोण म्हणते मले तू मागावर पाहिजे होता? तुयं विणणं पाह्यलं नाही काय मी?"

"मग शर्त कायले लावली?"

"पहिलंच इंजिन बिघडलं असतं, त पवनीत कोणी तुया हातात पाना देला असता काय? म्हणून आधीच सांगून ठेवलं, काही झालं तरी इकडे माग हाय."

आणि ते लुगड्यापलीकडे गेले. मला रडूही आलं आणि संतापही आला. हे त्यांनी आधी सांगितलं असतं, तर तीन आठवडे मला दोन घास तरी गोड लागले असते.