हार घातलेली भिंत

बोलणं ‘पाह्य भाऊ’नंच सुरू करायची आमच्या शेजाऱ्यांना सवय. त्यांचं होम थिएटर घ्यायला त्यांच्यासोबत शेगावला गेलो, तेव्हा दुकानदाराला म्हणाले, “पाह्य भाऊ, भिंतीत बसणारे स्पीकर दाखव. दिसलेच नाई पाह्यजेत!”

बसवले. वरच्या जाळ्यांना भिंतीचाच रंग, खरंच दिसेनात. तेव्हापासून हे बेचैन. पाहुणे चहा पिऊन निघून जायचे, कोणी काही विचारायचंच नाही. शेवटी दसऱ्याला त्यांनी प्रत्येक स्पीकरची पूजा करून झेंडूचा हार लावला. हार सुकले, तरी काढले नाहीत.

परवा त्यांचे दुसरबीडचे मामा आले. भिंतीवरचे हार पाहून त्यांनी टोपी काढली, हात जोडले. “कोन गेलं रे बापू? मले कळवलंबी नाई!”

शेजाऱ्यांचा चेहरा उजळला. अखेर कोणीतरी विचारलं होतं.