मुद्देमालावरचं कुंकू

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी मला माझंच हसू येतं.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. बेळगावातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख. कोल्हापूरच्या एका संग्राहकाने तक्रार दिली, की अनगोळच्या एका चित्रकला शिक्षकाने त्याला बनावट कॉमिक विकलं. मी म्हणालो, "कॉमिकसाठी पोलीस? रद्दीवाला किलोवर नेतो की!"

ठाण्यात बोलावल्यावर शिक्षकाने समजावलं. उडणाऱ्या महानायकाचा जुना परदेशी अंक, त्यावर चित्रकाराची स्वतःची सही. परदेशातल्या तज्ज्ञांनी तपासून, गुण देऊन तो पारदर्शक पेटीत कायमचा बंद केलेला. पेटीवर नंबर, गाडीच्या चासी नंबरासारखा, जगात एकच. तक्रारदाराने हजर केलेल्या पेटीवर नंबर तोच होता, पण आतली सही छापलेली निघाली.

"साहेब, मी खरीच दिलती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पेटी निपाणीच्या एका दलालामार्फत गेली होती. दलालाचा जबाब सरळ: बंद पाकीट आलं, बंद पाकीट दिलं. शिक्षकाने ती मुंबईत रोखीने घेतलेली, पावती नाही. अटक झाली की निलंबन ठरलेलं. शाळेत कुजबुज सुरू झालीच होती. खरं सांगतो, मलाही तोच चोर वाटत होता.

दुपारी त्याची आई जेवणाचा डबा घेऊन आली. टेबलावरच्या पेटीकडे बघून म्हणाली, "ही आमची न्हवं. माझं कुंकू कुठं हाय हिच्यावर?"

हवालदार फिस्सकन हसला. मीही हसलो. शिक्षक ओशाळून म्हणाला, "आई, गप गं."

"का गप? खंडेनवमीला इळा, शिलाई मशीन, तुझी गाडी, समद्यास्नी कुंकू लावलं. तुझी एवढी लाडाची पेटी, ती तशीच ठिवू व्हय? लई वरडला ह्यो माझ्यावर, साहेब. ओल्या फडक्यानं पुसलं, पर कडंच्या फटीत गेलेलं काय निघालं न्हाय."

माझं हसू तिथंच थांबलं.

पेटी वाटेतच बदलली असणार, म्हणून झडतीचं वॉरंट काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणी ठाण्याची माणसं आणि दोन पंच घेऊन दलालाच्या दुकानाची झडती घेतली. कपाटात कापडात गुंडाळलेली पेटी सापडली. नंबर तोच! गडी जराही डगमगला नाही. "साहेब, खरी माझीच. मी परदेशातून थेट मागवलीय. मास्तरची पहिल्यापासून बनावट."

कडेच्या फटीत केसाएवढी लाल रेघ मला दिसली होती. पण तेव्हाच बोट दाखवलं असतं, तर त्याने कुंकू आपल्याच घरचं म्हणून सांगितलं असतं. आरोपीला आधी बोलू द्यावं, अडवू नये. मी चहा मागवला.

"पार्सल कुणी फोडलं?"

"मीच. हातमोजे घालून."

"घरी नेली?"

"छे! थेट कपाटात."

"खंडेनवमीला दुकानाची पूजा केली असशील. हिला पण कुंकू लावलं असंल की."

तो मोठ्यांदा हसला. "साहेब, असल्या वस्तूला कुंकू कोण अडाणी लावतंय?"

जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, त्याची सही घेतली. मग बॅटरी लावून पेटी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "मग हे काय रं? प्लॅस्टिकला गंज चढला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. खालच्या खणात त्याच नंबरची छापलेली लेबलं मिळाली, तेव्हा तो खुर्चीवरून उठून सरळ माझ्या पायाशीच बसला. फटीतलं कुंकूच असल्याचं प्रयोगशाळेनेही कळवलं. शिक्षक निर्दोष सुटला, आणि ती बातमी मी स्वतः शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितली. आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी कुठल्याच शाळेत शिरलो नव्हतो.

घरातल्या बाईचं बोलणं मी वर्षानुवर्षं 'तपासाशी संबंध नाही' म्हणून सोडून देत आलो. त्यात किती गुन्हे निसटले असतील, देव जाणे. याची मला लाज वाटते आणि ती मी लपवत नाही.

संग्राहकाने आपले पैसे परत घेतले होते, म्हणून कोर्टातून पेटी शिक्षकाला मिळाली. त्याने ती पुन्हा विकायला काढलीच नाही. पुढच्या खंडेनवमीला मला जेवायचं बोलावणं होतं. विळा, मशीन, गाडी झाली. मग त्याने स्वतः पेटी आणून आईपुढे धरली.

म्हातारीने कुंकवात बोट बुडवलं आणि तसंच हवेत थांबवलं. "आता पुसणार न्हाईस न्हवं?"