पाटावरची रायफल

उल्हास सबनीसाला लाज फार लवकर वाटायची. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात तो गाड्यांना दरवाजे बसवायचा. डब्यातल्या मेथीच्या वासाची लाज, म्हणून तिथे सँडविच न्यायचा आणि घरी आला की ओट्याशी उभ्यानेच भाजी-भाकरी खायचा. मराठी मंडळात गेला की डॉक्टर-इंजिनियरांच्या घोळक्यात आपण कामगार म्हणून लाज, आणि कारखान्यात आलं की आपण मंडळात जाऊन आरत्या म्हणतो म्हणून लाज. ढोलकीसारखा दोन्हीकडून मार. आणि गंमत अशी, की मारणारं तिसरं कुणी नसायचंच. हा गडी स्वतःच स्वतःला थापा मारत बसायचा.

एकाच गोष्टीची त्याला कधी लाज वाटली नाही. साताऱ्याला कॉलेजात असताना तो एनसीसीत होता आणि पॉइंट टू-टू रायफलीने पोटावर झोपून असा नेम धरायचा, की टार्गेटवर सगळी भोकं बोराएवढ्या जागेत. ही कथा त्याने आपल्या गौरांगीला इतक्यांदा सांगितली होती, की तेरा वर्षांची ती पोरगी आता शेवट स्वतःच सांगून मोकळी व्हायची. पण ऐकायची मात्र दरवेळी, हे खरं.

लाइनवर त्याच्या शेजारी गॉर्ड काम करायचा. एकदा बोलता बोलता उल्हासने त्यालाही हे सांगितलं. गॉर्ड गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबाचा जुना मेंबर. तो म्हणाला, "मग रायफल घे आणि ये. क्लबात तुझ्यासाठी जामीन म्हणून सही मी करतो." झालं. उल्हासने कोर्स केला, परीक्षा दिली आणि लायसन्सला अप्लाय करायला बसला. त्या अर्जावर बायकोची सही लागते. जयंतीने पेन हातात घेतलं आणि बंदूक कशाला हवी हे न विचारता भलतंच विचारलं.

"मंडळात कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगायचंच नाही."

"बरं," म्हणून तिने सही केली. "पण विंटर टायर्स आधी. त्यातून उरेल तेवढ्यात तुझी बंदूक बसव."

उरलं होतं बेताचंच. दुकानात शिरल्यावर उल्हास दुर्बिणीवाल्या नव्याकोऱ्या रायफलींपुढे बराच वेळ उभा राहिला, कारण जुन्या मालाच्या घडवंचीकडे सरळ चालत जायची त्याला लाज वाटली. काउंटरवरच्या माणसाला त्याने "फक्त टार्गेटसाठी हं" असं दोन-तीनदा सांगितलं. त्या माणसाने काहीच विचारलं नव्हतं. मग त्याची नजर एका रशियन बनावटीच्या लष्करी रायफलीवर गेली. जाड लाकूड, खाली संगीन, आणि सगळ्यांत स्वस्त. ती हातात घेऊन आरशासमोर उभं राहावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्याने ती उचलली, तशी बरोबर आलेल्या गॉर्डने ती त्याच्या हातातून काढून परत ठेवली. "ही घ्यायला स्वस्त आहे. पण हिच्या गोळ्या रविवारामागून रविवार परवडणार आहेत का तुला? जी पोसता येईल ती घे."

हत्ती घेता येतो, चारा परवडत नाही, हे उल्हासला मराठीतून लगेच पटलं. शेवटी त्यांनी जुन्या मालातली पॉइंट टू-टू निवडली. एकेक गोळी हाताने भरायची, मागची सरकती दांडी, म्हणजे बोल्ट, पुढे ढकलायचा आणि बार काढायचा. लाकडावर ओरखडे होते, एक स्क्रू कुणीतरी बदललेला. पण गॉर्डने बोल्ट काढून नळीतून ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि उल्हासलाही पाहायला लावलं. आत आरसा. दुर्बीण नव्हती, नेम धरायला नळीच्या टोकावर साधी माशी होती, कॉलेजातल्यासारखी. ट्रिगरचं कुलूप फुकट मिळेल का, असं विचारताना त्याचे कान तापले. दुकानदाराने कुलपाचे पैसे घेतलेच, वर नळी साफ करायची काडी मात्र तशीच दिली.

घरी त्याने गाडी गॅरेजात घेतली, शटर ओढलं आणि मगच डिकी उघडली. रायफल बेसमेंटमधल्या कपाटात कुलपात गेली.

आठवड्याभरात खंडेनवमी आली. सबनीसांकडे त्या दिवशी शस्त्रं पुजायची रीत. सातारच्या घरची बोथट तलवार थोरल्या काकांकडे गेली होती, त्यामुळे कॅनडात आल्यापासून उल्हासच्या पाटावर पाना, स्क्रू-ड्रायव्हर, भाजीची सुरी आणि गौरांगीचा लॅपटॉप एवढंच सैन्य असायचं. त्या वर्षी मात्र त्याने रायफल वर आणली, कुलूप काढलं, बोल्ट काढून शेजारी ठेवला आणि पाटावर रायफल आडवी निजवली. गौरांगीने भोवती रांगोळी काढली. अंगणातल्या कुंडीतला झेंडू तिनेच खुडून आणला. ओलं कुंकू बोटावर घेऊन तिने लाकडाला टिळा लावला, अक्षता वाहिल्या, आणि हात जोडून विचारलं, "बाबा, विल यू हिट द सेंटर?"

"बघशील रविवारी," उल्हास म्हणाला. इतका अभिमान त्याला कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

शनिवारी मात्र तो बेसमेंटमध्ये बसून जुन्या टूथब्रशने लाकडावरचा टिळा घासत होता. गौरांगी जिन्यात येऊन उभी राहिली. "बाबा, व्हाय आर यू टेकिंग इट ऑफ?"

"तेल लावायचंय," तो म्हणाला. लाकूड लख्ख झालं. आत बघायचं त्याला सुचलं नाही.

क्लबात घ्यायचं की नाही, ते रविवारी ठरणार होतं. नव्या माणसाची रायफल आधी तपासायची आणि मग त्याची नेमबाजी पाहायची, असा तिथला नियम. तपासणारी लोरेन ही स्कूलबस चालवून रिटायर झालेली बाई. गॉर्ड शेजारी उभा, गौरांगी कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ्स घालून बाकावर, मागे आणखी चार-सहा मेंबर कॉफी पीत. लोरेनने बोल्ट काढला, बॅटरी आत मारली आणि थबकली. चिमट्याने तिने एक दाणा बाहेर काढला. मग दुसरा. लाल, ओल धरून चिकटलेले.

"हे काय? तांदूळ?"

कॉफीवाल्यांपैकी एकजण हसला. वाईट अर्थाने हसला असंही नाही. पण उल्हासच्या डोळ्यांपुढे पाट आला, रांगोळी आली, हात जोडून बसलेला आपण आलो, आणि हे सगळं आता या लोकांना इंग्रजीतून समजावून सांगायचं या कल्पनेनेच त्याच्या अंगाला घाम फुटला.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "खेळत होती. पोरं कशी असतात, माहीतच आहे."

लोरेनचा चेहरा बदलला. "खेळत होती? रायफलीशी? कुलूप नव्हतं?"

आगीतून फुफाट्यात पडल्याचं उल्हासला तेव्हा कळलं. गॉर्डने कॉफीचा कप खाली ठेवला. लोरेन गौरांगीकडे वळली, तिच्या कानांवरचे मफ्स हलकेच बाजूला करून म्हणाली, "बेटा, हे तू केलंस?"

गौरांगीला सगळं ऐकू गेलं होतं. तिने बापाकडे पाहिलं. बाप टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"येस," ती म्हणाली. "इट वॉज मी. सॉरी."

लोरेनने रायफल टेबलावर ठेवली आणि हात रायफलीवरच ठेवून उभी राहिली. मुलीच्या हाती रायफल लागत असेल तर मला हे वर कळवावं लागेल, ती म्हणाली, आणि गॉर्ड, याच्यासाठी तू सही केली आहेस. गौरांगी बाकावर बसून बुटाची लेस बांधू लागली. ती बांधलेलीच होती.

"नाही," उल्हास म्हणाला. आवाज इतका लहान निघाला, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "नाही. मीच केलं." मग मोडक्या-तोडक्या वाक्यांत त्याने सांगितलं. वर्षातून एकदा आम्ही अवजारांची पूजा करतो. कुलूप मी काढलं. बोल्ट बाहेर होता. मी सगळा वेळ तिथेच होतो. तांदूळ तिने टाकले, पण मी सांगितलं म्हणून टाकले. नंतर कुलूप मीच लावलं.

लोरेनने सगळं ऐकून घेतलं. "नळीची काडी आण इकडे," ती म्हणाली, आणि दोन-तीनदा नळी साफ करून तिने आतून उजेड पाहिला. "तांदूळ काय, निघतात. तू कशाला नमस्कार करतोस याच्याशी मला कर्तव्य नाही. पण मुलीचं नाव का घेतलंस?"

पूजा करताना लाज वाटली नव्हती, ती सांगताना वाटली, आणि ती झाकायला हाताशी जे आलं ते त्याने ओढून घेतलं होतं. हाताशी पोर होती. जन्मभर उगाचच्या लाजा बाळगून बसलेल्या माणसाला खरी लाज म्हणजे काय, ते त्या टेबलापाशी उभं राहून कळलं. ती कानात तापत नाही. पोटात बसते.

लोरेनने त्याला नेमबाजीची एक लेन दिली. तो पोटावर झोपला आणि नेम धरला. हात विसरला नव्हता. सगळी भोकं बोराएवढ्या जागेत. लोरेनने त्याचं नाव मेंबरांच्या वहीत लिहिलं. गॉर्डने पाठीवर थाप दिली, पण जरा उशिराने दिली. उल्हासने मान वळवून बाकाकडे पाहिलं. गौरांगी पार्किंगकडे तोंड करून बसली होती.

परतताना गाडीत तो म्हणाला, "सॉरी, बाळा."

"इट्स फाइन."

घरी पोचले तेव्हा जयंती दारातच उभी होती. "काय झालं? घेतलं का क्लबात?"

उल्हासने तोंड उघडलं. आता सांगून टाकू, हिला तरी सांगू, असं त्याने येताना ठरवलं होतं. पण त्याच्याआधी गौरांगी बोलली. एरवी आईला इंग्रजीतूनच उत्तर देणारी ती पोरगी सावकाश, नीट मराठीत बोलली.

"घेतलं, आई. बाबांनी खूप छान मारलं. सगळे बघत होते."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. जयंतीचा चेहरा खुलला. सकाळपासून दुसऱ्यांदा पोरीने त्याला पाठीशी घातलं होतं, आणि तो दोन्ही वेळा गप्प उभा होता. गौरांगीने बूट काढले, ते कडेला सरळ ठेवले आणि त्याच्याकडे न बघता ती वर आपल्या खोलीत गेली.